नवीन एरियात राहायला जायचंय? तिथली सेफ्टी आधी कशी तपासायची, स्टेप बाय स्टेप

घर शोधताना आपण भाडं विचारतो, उजेड-वारा बघतो, ऑफिस किती लांब पडेल ते बघतो, आणि एरिया सेफ आहे का हा प्रश्न मात्र एजंटला जिन्यात उभ्या उभ्या विचारून मोकळे होतो. तो म्हणतो एकदम शांत एरिया आहे, सगळी फॅमिलीवाली माणसं राहतात, आणि विषय तिथेच संपतो. त्याचं कमिशन घर गेल्यावर सुटणार असतं, तो दुसरं काय सांगणार. मी घर बदलताना ही सगळी तपासणी स्वतः केलीये, नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांबरोबर फिरून करून दिलीये, आणि दरवेळी तेच प्रश्न, तोच गोंधळ, म्हणून एकदा सगळं नीट क्रमाने लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. "एरिया सेफ आहे का" ह्या प्रश्नाला उत्तरच नसतं. कशापासून सेफ, किती वाजता, कुठल्या रस्त्याने आणि कोणासाठी, असं तोडून विचारलं की मग उत्तरं मिळायला लागतात. खालच्या सगळ्या स्टेप्स ह्याच एका प्रश्नाचे तुकडे आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- वही किंवा मोबाईलमधली एक नोट, प्रत्येक घरासाठी वेगळं पान
- मॅप ॲप, ज्यात रस्त्यावरचे फोटो दिसतात असं असेल तर उत्तम
- त्या भागातल्या पोलिसांची जी काही जाहीर आकडेवारी मिळेल ती, मागच्या तीन ते पाच वर्षांची
- त्या भागाची लोकसंख्या (जनगणना किंवा स्थानिक प्रशासनाच्या साईटवर असते)
- टॉर्च, मोजपट्टी, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर
- ओळखपत्राची कॉपी, पोलीस स्टेशनात गेलात तर लागू शकते
- शक्य असेल तर सोबत एक माणूस, रात्रीच्या फेरीला तर नक्कीच

## १. आधी तुमची भीती कुठली ते कागदावर लिहा

ही स्टेप सगळे गाळतात. एकटी राहणारी मुलगी जी रात्री उशिरा कामावरून येते, तिचा प्रश्न वेगळा. दिवसभर घर बंद ठेवून जाणारं नवराबायकोचं जोडपं, त्यांना दिवसाच्या घरफोडीची काळजी. म्हातारे आईवडील दिवसभर घरी एकटे असतील तर दारावर येऊन फसवणारे लोक हा मुद्दा. लहान मुलं असतील तर रस्त्यावरचा ट्रॅफिक हा खरंतर कुठल्याही चोरापेक्षा मोठा धोका असतो आणि तो कुठल्याच क्राईम मॅपवर दिसत नाही. बाईक उघड्यावर लावणार असाल तर वाहनचोरी.

तर दोन किंवा तीनच गोष्टी लिहा, दहा नको. दहा लिहिल्या की प्रत्येक घरात काहीतरी खोट निघते आणि शेवटी कंटाळून माणूस मिळेल ते घेतो.

आणि एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम. आपल्याला लहानपणापासून अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती घातलेली असते. पण यूएनच्या २०२३ च्या अंदाजानुसार जगभरात त्या वर्षी हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या साधारण ८५,००० बायका-मुलींपैकी ५१,१०० जणींचा जीव नवऱ्याने, जोडीदाराने किंवा घरातल्याच कोणीतरी घेतला होता, म्हणजे ६० टक्के. ह्याचा अर्थ रस्ता बघू नका असा नाही, रस्ता बघाच. पण फ्लॅट शेअर करणार असाल तर रूममेट कोण आहे, तिच्या किंवा त्याच्याकडे कोण येतंजातं, घरमालकाकडे दुसरी चावी आहे का आणि तो न सांगता येतो का, हे प्रश्न रस्त्याच्या दिव्याइतकेच महत्त्वाचे आहेत. तुमच्या खोलीला आतून कडी हवी, ह्यावर तडजोड करू नका.

## २. आकडे काढा, पण नुसता आकडा वाचू नका

बऱ्याच ठिकाणी पोलीस किंवा सरकार भागवार आकडे देतात, काही शहरांत मॅपच असतो. ते मिळाले की लोक पहिली गोष्ट काय करतात तर दोन भागांचे आकडे शेजारी ठेवतात आणि जिथे कमी तिथे जायचं ठरवतात. इथेच चुकतं.

लोकसंख्येने भागा. समजा एका भागात वर्षात ३०० चोऱ्या झाल्या आणि तिथे २ लाख लोक राहतात. दुसऱ्या भागात चोऱ्या १०० च पण राहणारे ४०,०००. पहिल्याचा दर लाखामागे १५० आणि दुसऱ्याचा लाखामागे २५०. म्हणजे तीनशेवाला भाग शंभरवाल्यापेक्षा बरा निघाला. गुन्ह्यांचा दर जगभर बहुतेक ठिकाणी लाख लोकांमागेच सांगतात, तो तयार मिळाला तर तोच घ्या, नाहीतर मोबाईलवर भागाकार करा.

पण भागाकारही फसवतो. स्टेशन, मोठं मार्केट, हॉस्पिटल, ऑफिसं असलेल्या भागात राहणारे थोडे आणि रोज येणारेजाणारे प्रचंड. पाकीट गर्दीतल्या माणसाचं मारलं जातं पण भागाकार मात्र तिथे राहणाऱ्यांनीच होतो, मग दर आभाळाला भिडतो. अशा भागात मार्केटच्या मागच्या गल्लीत राहणारी माणसं कित्येकदा निवांत राहत असतात. दर खूप जास्त दिसला तर आधी बघा की तिथे दिवसा कोण आणि किती लोक असतात.

प्रकार वेगळे करा. एकूण गुन्हे हा आकडा जवळपास निरुपयोगी आहे कारण त्यात दुकानातली चोरी, भांडण, ऑनलाईन फसवणूक, घरफोडी सगळं एकाच पिशवीत असतं. तुम्ही पहिल्या स्टेपला जे दोन तीन लिहिलंय तेवढंच बाहेर काढा.

टक्केवारीला घाबरू नका. "ह्या भागात घरफोड्या १०० टक्क्यांनी वाढल्या" अशी बातमी येते आणि बघायला गेलं तर दोनाच्या चार झालेल्या असतात. छोट्या भागात आकडे असेच उड्या मारतात, म्हणून तीन ते पाच वर्षं एकत्र बघायची. एका वर्षावरून काहीच ठरवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंद झालेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा ह्यात मोठी दरी असते. लोक तक्रारच करत नाहीत. काहींना वाटतं काय उपयोग, काहींना भीती, काहींना लाज, काहींना तिथे तासन् तास बसायचं नसतं. हे किती मोठं आहे हे समजावं म्हणूनच काही देशांनी घरोघरी जाऊन "तुमच्या बाबतीत काय घडलं" असं विचारायला सुरुवात केली, अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटनमध्ये १९८२ पासून, आणि त्यात वर्षानुवर्षं हेच दिसत आलंय की बरेचसे गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. अमेरिकेत तर हिंसक गुन्ह्यांमधलेसुद्धा निम्म्याहून कमीच पोलिसांना कळवले जातात.

त्यामुळे काय होतं की ज्या भागात लोकांचा पोलिसांवर विश्वास आहे तिथे तक्रारी जास्त, आकडे जास्त, आणि जिथे कोणी तोंड उघडत नाही तिथे कागदावर सगळं आलबेल. मग भरवसा कशावर ठेवायचा? खून लपवणं अवघड असतं आणि गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्ससाठी लोक तक्रार करतातच, म्हणून तुलनेने हे दोन आकडे खऱ्याच्या जवळ असतात. छेडछाड, घरातली मारहाण, किरकोळ चोरी ह्यांचे आकडे कमी दिसले तर हुरळून जाऊ नका, त्यासाठी पाचवी स्टेप आहे.

## ३. एरिया विसरा, गल्ली बघा

हे मला सगळ्यात जास्त पटलेलं आहे आणि हे कळल्यावर घर शोधायची पद्धतच बदलते. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात गुन्हेगारीचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वर्षात पोलिसांना आलेले सव्वातीन लाखांच्या आसपास कॉल तपासले आणि १९८९ मध्ये ते छापलं. निघालं काय, तर शहरातल्या साधारण ३ टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल आलेले. उरलेल्या ९७ टक्के ठिकाणांत राहिलेले निम्मे. नंतर बऱ्याच शहरांत लोकांनी हे मोजून बघितलं आणि आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र हेच राहिलं, गुन्हा मूठभर कोपऱ्यांवर साचतो.

म्हणजे "बदनाम" म्हणून ओवाळून टाकलेल्या भागातही बहुतेक गल्ल्यांमध्ये काही घडत नाही, आणि "पॉश" भागात एखादा कोपरा असा असतो की तिथे रोज काहीतरी चालू.

करायचं असं. मॅपवर तुमच्या होणाऱ्या घराभोवती चालत पाच मिनिटांचा गोल काढा. मग घरापासून बस किंवा ट्रेनपर्यंतचा, दुकानापर्यंतचा, मुलांच्या शाळेपर्यंतचा असे तुमचे रोजचे रस्ते त्यावर आखा. तुम्ही त्या एरियातल्या ९० टक्के गल्ल्यांत कधी पायही ठेवणार नाही. तुमचा एरिया म्हणजे ह्या चार रेघा. तपासायचं ते एवढंच, पण हे बारकाईने.

इथे मनातली एक गोष्ट बोलायलाच हवी. लोक एखाद्या वस्तीला "खराब" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना म्हणायचं असतं की तिथे गरीब राहतात, किंवा बाहेरून आलेले राहतात, किंवा वेगळ्या धर्माचे, वेगळी भाषा बोलणारे राहतात. तो गुन्ह्यांचा पुरावा नाही. कोणी असं म्हणालं की सरळ विचारा, काय झालं होतं, कधी झालं होतं, कुठे? तीनपैकी एकाचंही उत्तर आलं नाही तर ते मत वहीत लिहू नका. ह्याने दोन नुकसानं टळतात, एक तर चांगलं घर हातचं जात नाही आणि दुसरं म्हणजे आपण नकळत त्या माणसांवर अन्याय करत नाही.

## ४. चार वेळा चालून या

एकदा बघून काही कळत नाही. कमीत कमी ह्या चार वेळा:

- कामाच्या दिवशी सकाळी, तुम्ही निघाल त्या वेळेला
- दुपारी दोन ते चार, जेव्हा घरं रिकामी असतात
- रात्री, तुम्ही खरंच परत याल त्या वेळेला किंवा त्याहून अर्धा तास उशिरा
- सुट्टीच्या दिवशी रात्री

एजंट घर दाखवतो ती वेळ ह्यात धरू नका. त्याने दाखवलेला रस्ताही धरू नका, तो मेन रोडवरून गाडीने नेतो. तुम्ही बसमधून उतरून चालत या.

काय बघायचं ते एका उदाहरणाने सांगते. एका घराच्या बाबतीत सगळं जमत होतं, मॅपवर बस स्टॉप ते गेट सरळ रस्ता, दिवसा बघितलं तर ओळीने दिव्याचे खांबही होते. रात्री गेले तेव्हा खांब तेच, दिवेही चालू, पण मधल्या टप्प्यात झाडं इतकी वाढलेली की दिवा फांद्यांच्या आत पेटलेला आणि खाली फुटपाथवर काळोख. एका बाजूला कुठल्यातरी गोदामाची लांबच लांब भिंत, तिला एकही खिडकी नाही. दुसऱ्या बाजूला ओळीने उभे ट्रक, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवाल्यालाही फुटपाथवरचं माणूस दिसणार नाही. आणि त्या पूर्ण पट्ट्यात डावीउजवीकडे वळायला जागाच नाही, एकदा आत शिरलं की दुसऱ्या टोकालाच बाहेर. तिथे कधी काही घडलंय का मला माहीत नाही, पण रोज रात्री तिथून चालायचं मला नको होतं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

तर खांब मोजू नका, खाली उजेड पडतो का ते बघा. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा पंधरा वीस पावलांवरून ओळखता आला पाहिजे, नुसती आकृती दिसून उपयोग नाही. उजेडाने फरक पडतो हे मोजलेलं आहे, न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये काही सरकारी गृहवसाहतींच्या आवारात तात्पुरते मोठे दिवे लावून बघितले तेव्हा रात्री बाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण एक तृतीयांशाने कमी झाले होते.

दुसरं म्हणजे खिडक्या आणि माणसं. रस्त्याकडे तोंड करून असलेल्या खिडक्या, गॅलऱ्या, उघडी दुकानं, दारात गप्पा मारणारी म्हातारी माणसं, खेळणारी पोरं, हे सगळं तुमचं राखण आहे. गर्दी नको पण रस्ता मेलेलाही नको. "एकदम शांत" एरियाचं हेच असतं, दिवसा शांत म्हणून आवडतो आणि रात्री तीच शांतता अंगावर येते.

बारीकसारीक खुणा पण बघा. तळमजल्याच्या खिडक्यांना गज आहेत हे बऱ्याच ठिकाणी असतंच, पण दुसऱ्या तिसऱ्या मजल्यावरही नवेकोरे गज एकदम सगळ्यांनी बसवले असतील तर विचारा का. पार्किंगच्या कडेला गाडीच्या काचेचा चुरा पडलेला दिसतो का. सायकली एका कुलपात आहेत की तीन तीन साखळ्यांत. भिंतीवरची रंगरंगोटी, पडका कचरा ह्यावरून लोक घाईने निष्कर्ष काढतात, मी त्याला फार किंमत देत नाही, पण बंद पडलेला दिवा महिनाभर बंदच असेल तर तिथे कोणी तक्रार करत नाही किंवा केली तरी कोणी ऐकत नाही, आणि ही माहिती कामाची आहे.

सीसीटीव्हीच्या पाट्यांवर भाळू नका. कॅमेऱ्यांवर झालेल्या अभ्यासांमध्ये त्यांचा खरा मोठा फायदा पार्किंगच्या जागांत दिसलाय, म्हणजे गाड्यांच्या चोऱ्या कमी होतात. रस्त्यावरच्या हल्ल्यांवर त्यांचा परिणाम तेवढा दिसत नाही. कॅमेरा असेल तर तो चालू आहे का, रेकॉर्डिंग किती दिवस राहतं आणि ते कोण बघतं, हे तीन प्रश्न विचारा. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला सगळे एकमेकांकडे बघतात.

## ५. लोकांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा

"इथे सेफ आहे का हो?" असं विचारलं तर कोणीही हो म्हणेल. स्वतः राहतो त्या जागेला कोण वाईट म्हणेल? त्याऐवजी असे प्रश्न:

- तुमची मुलगी किंवा बहीण रात्री दहाला एकटी येते का? कुठल्या बाजूने येते?
- गाडी कुठे लावता? तिथेच का?
- मागच्या वर्षभरात बिल्डिंगमध्ये कोणाकडे काही झालं का?
- दिवसा कुरियरवाला आला आणि तुम्ही नसाल तर पार्सल कोण घेतं?
- आधीचे भाडेकरू का सोडून गेले?

दुसरा प्रश्न मला फार आवडतो, कारण माणूस सेफ्टीबद्दल बोलतोय असं त्याला वाटतच नाही आणि सगळं सांगून जातो. "इथे मागे नाही लावत, पुढे दुकानासमोर लावतो" हे एक वाक्य आकड्यांच्या पानापेक्षा जास्त सांगतं.

विचारायचं कोणाला? रात्री उशिरापर्यंत उघडं असणारा दुकानदार, झाडलोट करणारी बाई, वॉचमन, रिक्षा-टॅक्सीवाले, शाळेबाहेर उभे पालक. आणि बायकांना वेगळं विचारा, नवरा शेजारी उभा असताना नको, उत्तर बदलतं. पुरुषांना एखाद्या कोपऱ्याबद्दल काहीच माहीत नसतं आणि बायका गेली पाच वर्षं तो कोपरा टाळून लांबून जात असतात.

पार्सलचा प्रश्न का तेही सांगते. शिकागोतल्या ३४३ वस्त्यांमधल्या आठ हजारांहून जास्त लोकांना विचारून केलेला एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांचा. पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर बसली तर शेजारी काही बोलतील का, कोणी भिंतीवर काही लिहीत असेल तर कोणी हटकेल का, शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास आहे का, अशा प्रकारचे प्रश्न होते. जिथे उत्तरं हो होती तिथे हिंसाचार कमी, आणि गरिबीसारख्या गोष्टी हिशोबात धरल्यावरही कमीच. म्हणजे शेजारी एकमेकांसाठी पुढे येतात का हे बघणं ही भाबडी गोष्ट नाही. जिन्यात कोणी तुम्हाला थांबवून "कोणाकडे जायचंय?" असं विचारलं तर रागावू नका, ते घर यादीत वर सरकवा.

सापळा: व्हॉट्सॲप ग्रुप आणि एरियाचे ऑनलाईन ग्रुप. तिथे एक मोबाईल हिसकावला की तो दहा लोक फॉरवर्ड करतात आणि दहा घटना झाल्यासारखं वाटतं, जुने व्हिडिओ, दुसऱ्याच शहराचे व्हिडिओ फिरतात. हे फक्त आपल्या ग्रुपचं नाही, अमेरिकेत १९९३ नंतर हिंसक गुन्हे निम्म्याच्या आसपास खाली आले तरी जवळपास दरवर्षी सर्व्हेत बहुसंख्य लोक देशात गुन्हे वाढलेत असंच सांगत राहिले. ग्रुप वाचा, पण तारीख आणि जागा नसलेली पोस्ट सोडून द्या.

## ६. पोलीस स्टेशनात एकदा जाऊन या

लोक बिचकतात. पण नवीन राहायला येतोय, थोडी माहिती हवी होती असं साधं सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी कोणीतरी बोलतं. गर्दीच्या वेळी जाऊ नका. विचारायचं एवढंच: ह्या रस्त्यावर सध्या कुठल्या प्रकारच्या तक्रारी येतात, कुठल्या वेळेच्या, गस्त कधी असते, आणि आम्ही काय काळजी घ्यावी. नावं, केसचे तपशील विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये.

त्यांनी काय सांगितलं ह्याच्याइतकंच त्यांनी कसं वागवलं तेही लिहून ठेवा. उद्या खरंच काही झालं तर ह्याच टेबलासमोर यायचंय. घरापासून स्टेशनापर्यंत चालत किंवा गाडीने किती वेळ लागतो ते पण बघून ठेवा.

## ७. आता घर, आणि घरात आधी दार

घरफोडी करणारे बहुतेक वेळा कुलपं उघडण्यात तरबेज वगैरे नसतात. उघडी खिडकी, नुसतं ओढून घेतलेलं दार, हलकी चौकट, ह्यातून काम होतं. आणि बरंचसं दिवसा होतं, घरात कोणी नसताना.

दार बंद करा आणि हाताने जोरात आतबाहेर हलवा. खडखडलं तर कडी आणि चौकटीत फट आहे. मग टॉर्चने कुलपाची जीभ जिथे शिरते ती चौकटीवरची पट्टी बघा. ही पट्टी दोन इवल्याशा स्क्रूंवर असते, स्क्रू ड्रायव्हरने (घरमालकाला विचारून) एक काढून बघा, बोटाच्या पेराएवढाही नसेल तर दार कितीही जाड असलं, कुलूप कितीही महाग असलं तरी एका लाथेत पट्टी उखडते. ह्यावर उपाय स्वस्त आहे, मोठी पट्टी आणि भिंतीपर्यंत जाणारे लांब स्क्रू. पट्टीच्या आसपास लाकूड फुटून पुन्हा भरलेलं, रंग वेगळा दिसतोय असं असेल तर हे दार आधी कधी फोडलंय का ते सरळ विचारा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची खीळ बाहेरून काढता येते का बघा.

बाकी भराभर: पीपहोल आहे का आणि त्यातून जिना दिसतो का, मागचं दार आणि बाथरूमची खिडकी (पाईपवरून चढता येतं का), गच्चीचं दार रात्री कोण बंद करतं, लिफ्टबाहेर आणि जिन्यात दिवा आहे का, आणि मेन गेट आपोआप लागतं की वीट लावून उघडं ठेवलंय. घराला आग लागली तर गज लावलेल्या खिडक्यांतून बाहेर पडता येत नाही, म्हणून एका तरी खिडकीचा गज आतून उघडणारा हवा, त्याची चावी खिडकीजवळच पण बाहेरून हात पोचणार नाही अशी.

## ८. करार करण्याआधी लिहून घ्यायच्या गोष्टी

तोंडी "करून देतो" ह्याला अर्थ नाही, किल्ली हातात आली की विषय विसरला जातो. करारात किंवा निदान मेसेजवर तरी हे हवं:

- राहायला येण्याआधी मुख्य कुलपाचा सिलिंडर (ज्यात चावी फिरते तो आतला भाग) बदलायचा, खर्च कोणाचा
- चावीच्या किती कॉपी आहेत आणि कोणाकडे आहेत
- घरमालक किती तास आधी सांगून येईल
- आपल्या खर्चाने जादा कुलूप, कडी, दिवा लावायची परवानगी
- दार-खिडकी मोडली तर किती दिवसांत दुरुस्ती

पहिला मुद्दा तर सोडूच नका. आधीचे भाडेकरू, त्यांचे पाहुणे, रंगारी, एजंट, सगळ्यांच्या हातून ती चावी गेलेली असते. घरमालक कुलूप बदलायला सरळ नाही म्हणाला आणि कारणही देत नसेल तर मी तरी ते घर घेत नाही. आणि घर बघायच्या आधीच डिपॉझिट मागणारा, दुसरा माणूस आज संध्याकाळी पैसे देतोय म्हणून घाई करणारा, मालकीचा कागद दाखवायला टाळणारा, हा एरियाचा प्रश्न नाही, ही फसवणूकच समजा आणि निघून या.

## ९. राहायला गेल्यावर पहिले काही दिवस

सामान हलवताना ट्रकमागे उभं राहून नव्या टीव्हीचा खोका रस्त्यावर टाकू नका, फाडून दुमडून टाका. नवीन घराचे फोटो टाकायचे तर बिल्डिंगचं नाव, गेट, खिडकीबाहेरचं दृश्य त्यात येऊ देऊ नका. वर, खाली आणि समोर अशा निदान तीन घरांशी ओळख करून नंबर घ्या, आणि आपला द्या. इमर्जन्सी नंबर, जवळचं पोलीस स्टेशन, हॉस्पिटल हे फोनमध्ये सेव्ह करून ठेवाच पण फ्रिजवर कागदावर पण चिकटवा, घरातल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना फोन उघडता येईलच असं नाही. मोबाईल आणि लॅपटॉपचे सिरीयल नंबर, गाडीचे कागद, दागिन्यांचे फोटो एका ठिकाणी करून घराबाहेर कुठेतरी कॉपी ठेवा, तक्रार करताना हेच सगळं मागतात.

आसपास कुठे घरफोडी झाल्याचं कळलं तर पुढचे दोन आठवडे जास्त जपा. ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका अशा पाच देशांतले आकडे एकत्र बघून २००७ मध्ये एक अभ्यास आला, त्यात फोडलेल्या घरापासून २०० मीटरच्या आतल्या घरांना निदान दोन आठवडे धोका वाढलेला दिसला. चोराला गल्ली, वेळा, पळायचा रस्ता माहीत झालेला असतो. तेवढे दिवस दिवा, कडी, शेजाऱ्याला सांगून जाणं, हे न चुकता करा.

आणि जर तुमच्याच घरी झालं, तर आत शिरू नका, चोर आत असू शकतो. बाहेरूनच फोन करा. नंतर कशालाही हात लावण्याआधी, आवराआवर करण्याआधी फोटो काढा, पोलीस येऊन जाईपर्यंत तसंच ठेवा, तक्रारीची कॉपी आणि नंबर घेतल्याशिवाय निघू नका. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही, ज्या दारातून किंवा खिडकीतून शिरले तीच जागा आधी पक्की करा, कारण एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता जास्त असते. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वस्तीत १९८० च्या दशकात नेमकं हेच केलं होतं, सगळ्या वस्तीवर पैसा खर्च करण्यापेक्षा ज्यांच्याकडे घरफोडी झालीये त्यांची दारं-खिडक्या लगेच मजबूत केल्या आणि लगतच्या पाच सहा घरांना त्या घरावर लक्ष ठेवायला सांगितलं, आणि पूर्ण वस्तीतल्या घरफोड्या खूप खाली आल्या. म्हणून लाज न बाळगता वरच्या, खालच्या, समोरच्या घरी जाऊन काय झालं, किती वाजता, कुठून शिरले ते सगळं सांगा आणि पुढचे काही आठवडे आमच्या दाराकडे बघत जा असं स्पष्ट म्हणा.